कॅनडाची फाईल: कन्सल्टंट नेमायचा की स्वतः भरायची, हे ठरवण्याआधीची तयारी

२०१९ मध्ये मी कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, कन्सल्टंट नेमला होता. परवानाधारक होता, नीट बोलायचा, फोनही उचलायचा. तरी फाईल बुडाली आणि तिच्यासोबत पाच वर्षं गेली. आता पुन्हा एक्स्प्रेस एंट्रीची, म्हणजे गुणांवर चालणाऱ्या पीआर योजनेची, तयारी करतेय, म्हणून ही यादी आधी स्वतःसाठी लिहिली. पासपोर्टची मुदत बघा, नावाचं स्पेलिंग सगळीकडे जुळतंय का बघा, हे मी सांगत बसणार नाही.

कुणाच्याही ऑफिसात पाय ठेवण्याआधी स्वतःचे सीआरएस गुण (उमेदवारांची क्रमवारी याच गुणांवर लागते) स्वतः काढा. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर गणकयंत्र आहे, अर्ध्या तासाचं काम. एकूण १२०० पैकी आपण कुठे बसतो आणि अलीकडचे ड्रॉ (अर्जाची आमंत्रणं देण्याच्या फेऱ्या) कितीवर थांबलेत, हे आपल्यालाच माहीत असलं की समोरचा माणूस काय विकतोय ते कळतं. भाषेची परीक्षा न देता कुणी तुम्हाला ‘तुमचे इतके होतील’ असं सांगत असेल, तर तो अंदाज आहे. परीक्षा आयईएलटीएसची जनरल ट्रेनिंग, ॲकॅडमिक नव्हे. सेल्पिपही चालते, आणि २०२४ पासून पीटीई कोअर. निकाल दोन वर्षं चालतो, पदवीचं मूल्यांकन (आपली पदवी कॅनडातल्या कुठल्या पातळीची ते सांगणारा अहवाल) पाच वर्षं. एक गोष्ट जुन्या यादीतून उचलू नका: नोकरीच्या ऑफरचे गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले. ‘ऑफर मिळवून देतो, पन्नास गुण वाढतील’ असं अजून कुणी म्हणत असेल तर तिथूनच उठा.

आता गंमत बघा. परीक्षा तुम्हीच देणार, पदवीचे कागद विद्यापीठातून तुम्हीच काढणार, अनुभवाची पत्रं साहेबांच्या मागे लागून तुम्हीच आणणार. कन्सल्टंट काय करतो? फॉर्म भरतो आणि सल्ला देतो. फॉर्म फुकट आहेत. इमिग्रेशन खातं स्वतः सांगतं की प्रतिनिधी नेमणं सक्तीचं नाही आणि नेमला म्हणून फाईलला वेगळी वागणूक मिळत नाही. म्हणजे पैसे द्यायचे ते सल्ल्याचे. तो सल्ला तुम्हाला लागतो का, एवढाच खरा प्रश्न.

त्यासाठी एक कोरा कागद घ्या आणि अडचणी लिहा. कुठल्याही देशाने नाकारलेला व्हिसा. कुठल्याही. व्हिसाच्या मुदतीपेक्षा जास्त राहिलात का, कुठून परत पाठवलं का. पोलीस केस, मग ती मिटलेली का असेना. घटस्फोट झालाय आणि मुलाचा ताबा दोघांत आहे का. बंद पडलेल्या कंपनीतला अनुभव, रोखीने घेतलेला पगार, स्वतःचा धंदा. घरात कुणाला मोठा आजार. कागद कोरा राहिला आणि तुम्हाला इंग्रजीतल्या सूचना शांतपणे वाचता येत असतील, तर स्वतः भरा, खरंच. कागदावर काही उतरलं, तर जाणकाराला विचारा. पण पूर्ण फाईल सोपवण्याआधी एका तासाच्या सल्ल्याचे पैसे देऊन तेवढाच मुद्दा सोडवता येतो का ते पाहा. बहुतेकांना तेवढं पुरतं, असं माझं मत. पोलीस केस किंवा आधीचा खोट्या माहितीचा ठपका असेल तर मात्र थेट वकील गाठा.

हा कागद मी तेव्हा केला नव्हता. २०१३ मध्ये कॉलेजात असताना अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा मागितला होता, दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीत नाकारला गेला, मी विसरूनही गेले. कन्सल्टंटच्या प्रश्नावलीत होतं, ‘याआधी कॅनडाचा व्हिसा नाकारला गेला आहे का?’ मी लिहिलं, नाही. खरंच होतं ते. पण खऱ्या फॉर्मातला प्रश्न ‘कॅनडा किंवा अन्य कुठलाही देश’ असा आहे. त्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी माझ्या उत्तरावरून तिथेही ‘नाही’वर टिक केली. तो फॉर्म मी पाहिलाच नाही. मला दाखवला नाही आणि मी मागितला नाही. कॅनडा आणि अमेरिका एकमेकांना व्हिसाची माहिती देतात. खुलासा मागणारं पत्र आलं ते कन्सल्टंटच्या पोर्टलवर, मला कळलं चार दिवसांनी. चुकून झालं, हे मान्य झालं नाही. तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षं दार बंद, आणि त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही.

पाच वर्षं म्हणजे काय ते गुणांत सांगते. जोडीदार सोबत नसेल तर वयाचे ३३ व्या वर्षी ८८ गुण मिळतात, ३८ व्या वर्षी ६१. सत्तावीस गुण फक्त थांबण्यात गेले. चाळिशीनंतर तर ४४ पर्यंत दर वाढदिवसाला अकरा जातात.

म्हणून, कन्सल्टंट असो वा नसो: भरलेला अर्ज पाठवण्याआधी पूर्ण वाचा. प्रश्नावली नाही, त्यांनी पाठवलेला ‘सारांश’ नाही, अर्ज. ज्या शब्दांत प्रश्न विचारलाय ते शब्द आणि त्यापुढचं उत्तर. पीडीएफ नसेल तर पानापानाचे स्क्रीनशॉट मागा. ‘मॅडम, आमचं रोजचं काम आहे’ असं उत्तर मिळालं तर सांगा, माझं रोजचं नाही म्हणूनच बघायचंय. फॉर्म कुणीही भरो, त्यातल्या मजकुराची जबाबदारी अर्जदाराची असते. खुलासा लिहिताना ‘एजंटने चूक केली’ हे वाक्य मी तीनदा लिहिलं. काही उपयोग झाला नाही.

नेमायचंच ठरलं, तर माणूस तपासा. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे मोजक्यांनाच आहे: तिथले वकील आणि पॅरालीगल, क्वेबेकचे नोटरी, आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचे सदस्य. हे कॉलेज म्हणजे कन्सल्टंटना परवाना देणारी नियामक संस्था, नोव्हेंबर २०२१ पासून आहे. सदस्यांची नोंदवही ऑनलाइन उघडी आहे, नाव टाका, परवाना चालू आहे का पाहा. भिंतीवरच्या फ्रेमवर जाऊ नका. आरआयएसआयए असं बिरुद असेल तर तो माणूस विद्यार्थ्यांच्या बाबतीतच सल्ला देऊ शकतो, पीआरच्या नाही. ‘आमचे परवानाधारक कॅनडात बसतात, ते सही करतात’ हे ऐकलं तर करार त्याच माणसाशी करा आणि त्याच्याशी एकदा तरी समोरासमोर बोला, व्हिडिओवर का होईना. लेखी करार करणं त्यांना बंधनकारक आहे, आणि निकालाची हमी देणं त्यांच्या आचारसंहितेत बसत नाही. ‘शंभर टक्के होणार’ म्हणणारा एकतर नियम मोडतोय किंवा त्याला नियमच लागू नाहीत.

सगळ्यात सोपी कसोटी आयएमएम ५४७६. हा प्रतिनिधी नेमल्याचा फॉर्म. पैसे घेणारा माणूस ‘त्याची गरज नाही, तुमच्याच नावाने खातं उघडू, ईमेल आम्ही बनवतो’ म्हणाला तर तो अदृश्य एजंट आहे. इमिग्रेशन खात्याला तो दिसणारच नाही, उद्या तुम्हालाही दिसणार नाही. तुमच्या नावाच्या खात्याचा पासवर्ड तुमच्याकडेच हवा. प्रतिनिधीच्या पोर्टलमधून फाईल गेली तर आलेलं प्रत्येक पत्र त्याच दिवशी तुम्हाला मिळेल, असं करारात लिहून घ्या. आणि करारातच दुसरी ओळ: पाठवण्याआधी पूर्ण अर्जाची प्रत, वाचायला किमान तीन दिवस. माझ्या करारात ही ओळ नव्हती. तुमच्या करारात असू द्या. ती घालायला नकार मिळाला तर फी कितीही कमी असो, नको.

स्वतः भरणाऱ्यांचा वेळ खातात ती अनुभवाची पत्रं. अर्ज करण्याचं आमंत्रण आलं की फक्त ६० दिवस मिळतात, आणि एचआर त्यातले चाळीस सहज खातो. म्हणून पत्रं आमंत्रणाआधी हातात हवीत: कंपनीच्या लेटरहेडवर, पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार, कामाचं स्वरूप, सही आणि संपर्क. कामाचं स्वरूप एनओसीच्या (कॅनडाची व्यवसायांची सरकारी यादी) वर्णनाशी जुळायला हवं, पण ते वर्णन जसंच्या तसं उतरवलेलं पत्र आणू नका, वाचणाऱ्याला लगेच कळतं. एचआर फक्त ‘अमुक तारखेपासून नोकरीत होते’ एवढंच देत असेल तर वरिष्ठाचं पत्र, पगाराच्या स्लिपा आणि ते तसंच का आहे याची एक पानाची चिठ्ठी जोडा.

मग दहा वर्षांचा इतिहास. महिनाही मोकळा सोडायचा नाही. घरी बसला होतात तर ‘बेरोजगार’ लिहा, लाजायचं काय त्यात. पत्ते, प्रवास, सगळं पासपोर्टचे शिक्के समोर ठेवून, आठवणीतून नाही. आठवणीचा भरवसा मी कसा धरला ते वर सांगितलंच.

बाकी भराभर. पोलीस प्रमाणपत्र: गेल्या दहा वर्षांत जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचं, आणि परदेशातली सावकाश येतात. निधीचा पुरावा: बँकेचं पत्र, सहा महिन्यांची सरासरी आणि कर्जं त्यात हवीत. रक्कम दरवर्षी बदलते, साइटवरच बघा. आदल्या आठवड्यात मामांनी उसने टाकलेले पैसे चालत नाहीत. वैद्यकीय तपासणी: २१ ऑगस्ट २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीत अर्जाआधीच करावी लागते, खात्याच्या यादीतल्या डॉक्टरकडेच. फी सरकारी पानावरून घ्या, कन्सल्टंटच्या पत्रकावरून नको. भाषांतरं, फोटो, हे तुम्ही कराल.

पाठवायच्या आदल्या रात्री अडचणींचा तो कागद एका हातात आणि भरलेला अर्ज दुसऱ्या हातात घेऊन बसा. घरातल्या कुणाला तरी प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा, ‘कॅनडा किंवा अन्य कुठलाही देश’ यासकट, आणि उत्तर तुम्ही द्या. मग पडद्यावर कशावर टिक केलीय ते बघा.