डोळ्यामागच्या गाठीमुळे नजर कमी होत असल्यास ते घरी कसे ओळखावे

डोळ्याच्या खोबणीत जागा मुळातच थोडी असते, त्यामुळे तिथे वाढणारी गाठ कर्करोगाची नसली तरी दृष्टीच्या नसेवर दाब आणून नजर हळूहळू कमी करू शकते. बऱ्याचदा हे एकाच डोळ्यात, काहीही न दुखता घडते आणि दुसरा चांगला डोळा ती उणीव महिनोन्‌महिने भरून काढतो. म्हणून नेहमीचा चष्मा लावून, तळहाताने एक डोळा न दाबता झाकावा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातील तारखा प्रत्येक डोळ्याने वेगवेगळ्या वाचून पाहाव्यात.

त्यानंतर रंग तपासावा. माझ्या मते घरच्या घरी करण्याजोगी ही सर्वांत उपयोगी तपासणी आहे, कारण नसेवर दाब आला की अक्षरे नीट वाचता येत असतानाही लाल रंग फिका पडू लागतो. बाटलीचे लाल झाकण उजेडात हातभर अंतरावर धरावे. एका डोळ्याला ते कुंकवासारखे ठसठशीत आणि दुसऱ्याला धुऊन विटलेल्या कापडासारखे दिसले, तर नवा चष्मा करण्याआधी नेत्रतज्ज्ञांना भेटावे. मोतीबिंदूमुळेही रंग बदलतात, पण तो निर्णय त्यांनीच करायचा असतो.

डोळा पुढे आला आहे का, हे समोरून चटकन कळत नाही. व्यक्तीला खुर्चीत बसवावे, मागे उभे राहून तिची मान थोडी मागे झुकवावी आणि कपाळावरून खाली पाहत दोन्ही डोळ्यांची उंची ताडून पाहावी. मोठ्या माणसांत डोळा पुढे येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण थायरॉइडचा विकार हे आहे, तेव्हा लगेच गाठीची धास्ती घेऊ नये.

डॉक्टरांना कोणता डोळा आणि केव्हापासून हे नेमके सांगावे, जुना फोटो सोबत न्यावा, आणि बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी बाहुलीची उजेडाला होणारी हालचाल तपासली जाईल ना, हे विचारावे. संशय राहिल्यास दृष्टिक्षेत्राची, म्हणजे समोर पाहत असताना आजूबाजूचे किती दिसते याची, तपासणी आणि एमआरआय करतात. गाठ निघाली म्हणजे शस्त्रक्रिया ठरलेलीच, असे नाही: दृष्टीच्या नसेच्या आवरणात वाढणारी मेनिंजिओमा नावाची गाठ कापून काढताना नजरच जाण्याचा धोका असल्याने तिथे बहुधा किरणोपचार निवडतात, तर काही गाठींवर केवळ लक्ष ठेवले जाते.

लहान मुलाचा डोळा मात्र काही दिवसांतच पुढे येऊ लागला किंवा पापणी झपाट्याने सुजली, तर घरच्या तपासण्यांत वेळ न घालवता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे, कारण त्या वयात ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा हा झपाट्याने वाढणारा कर्करोगही असू शकतो.