मे महिन्यातील अलास्का क्रूझ: कपड्यांचे थर घाला, अपेक्षा लवचीक ठेवा

अलास्काच्या क्रूझचा हंगाम साधारणपणे एप्रिलअखेरीस सुरू होतो. मे महिन्यातील भाडे जुलै-ऑगस्टपेक्षा बहुधा कमी असते, शिवाय जुनो आणि केचिकन या बंदरांच्या परिसरात हा काळ सप्टेंबर-ऑक्टोबरपेक्षा बराच कोरडा असतो. दुपारचे तापमान मात्र १० ते १५ अंश सेल्सियसच्या आसपासच राहते आणि जहाज हिमनदीसमोर थांबते तेव्हा बर्फावरून येणारा वारा त्याहून कितीतरी बोचरा लागतो. म्हणून एकच जाडजूड कोट नेण्याऐवजी आत लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापड) आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट असे कपडे घालावेत. हातमोजे आणि कानटोपीही हवीच, कारण दुर्बीण धरलेले हातच सर्वांत आधी गारठतात. मेच्या मध्यास जुनोमध्ये सुमारे १७ तास उजेड असतो, तेव्हा झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी जवळ असू द्यावी. एंडिकॉट आर्मसारख्या अरुंद खाडीत तरंगते हिमखंड दाटले, तर कप्तान हिमनदीपासून दूरच जहाज वळवू शकतो, त्यामुळे एकाच दृश्यावर सगळी भिस्त ठेवू नये. सॅमन मासे पकडणारी अस्वले पाहणे हाच मुख्य हेतू असेल, तर मात्र मे टाळून जुलै-ऑगस्ट निवडावा.