रिटर्न घरी भरायचा की सीएकडे द्यायचा?

पगार किंवा पेन्शन, ठेवींचं व्याज आणि राहतं घर, एवढंच उत्पन्न असेल तर रिटर्न स्वतः भरा. 'आयकर म्हटलं की सीए लागतोच' असं बेळगावपासून निपाणीपर्यंत कुणीही सांगतं. साध्या पगारदारासाठी हा सल्ला चुकीचा आहे.

पॅन-आधार जोडणी, आयकर खात्याच्या पोर्टलचा पासवर्ड आणि फॉर्म १६ (पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) हाताशी आहे असं धरतो. उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म निवडा. पगाराचे आकडे आधीच भरलेले असतात, ते फॉर्म १६ शी ताडून पाहा. मात्र शेतीचं उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो. कारखान्याला ऊस घालणाऱ्या घरात हे बहुतेक वेळा लागू होतंच. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, पण बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेलं की कराचा दर ठरवताना तेही धरलं जातं. म्हणून ते दाखवायचं.

आता व्याज. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, मलाही सुरुवातीला इथेच अडायला व्हायचं. आपल्याकडे ठेवी फक्त बँकेत नसतात. एक पावती मल्टिपर्पज सोसायटीत, एक सौहार्द सहकारी संस्थेत, एखादी गावच्या पतसंस्थेत. मोठी उलाढाल असलेल्या संस्था सोडल्या तर सहकारी सोसायटी सभासदाच्या व्याजावर टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापत नाही, त्यामुळे ते व्याज २६एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या खात्याकडच्या तक्त्यात, दिसत नाही. 'टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही' हे तर कधीच ऐकू नका. व्याज करपात्रच आहे, टीडीएस ही फक्त कर आगाऊ गोळा करायची पद्धत आहे.

कपाटातल्या सगळ्या पावत्या बाहेर काढा. प्रत्येक संस्थेकडून १ एप्रिल ते ३१ मार्चचा व्याजाचा दाखला घ्या. हे काम एप्रिल-मे मध्येच उरका, जुलैत काउंटरवर कुणाला वेळ नसतो. मग पोर्टलवरून एआयएस (खात्याकडे असलेलं तुमच्या उत्पन्नाचं वार्षिक माहितीपत्रक) उतरवून एकेक रक्कम दाखल्याशी जुळवा. कधी एकच व्याज दोनदा आलेलं असतं, एकदा टीडीएसच्या नोंदीत आणि एकदा बँकेच्या वार्षिक माहितीत. डोळे झाकून बेरीज करू नका. त्या नोंदीवर तिथेच हरकत नोंदवता येते, ती नोंदवा. उलट एआयएसमध्ये नसलेलं सोसायटीचं व्याज स्वतः भरा.

मुदत संपल्यावर एकरकमी पैसे देणाऱ्या पावतीचं व्याजही दरवर्षी दाखवा. दोन लाखांवर ८ टक्के म्हणजे पहिल्या वर्षीच सुमारे १६,००० होतात. ते साठवून शेवटी एकदम दाखवलं तर त्या वर्षीचा कर चढतो आणि बँकेने दरवर्षी कापलेला टीडीएस जुळत नाही.

जुनी की नवी करप्रणाली, हे दोन्ही हिशेब करून ठरवा. जिचा कर कमी, ती घ्या. बचत खात्याच्या व्याजावरची १०,००० ची वजावट मात्र जुन्यातच मिळते. रिटर्न भरला की ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करा.

जमीन विकली, दुकानाच्या वह्या आहेत, शेअर बाजारात फ्युचर्स-ऑप्शन्स केले किंवा नोटीस आली, तर मात्र सीएकडे जा, फीकडे बघू नका. जमिनीच्या बाबतीत बाँड रायटरच्या (दस्त लिहून देणाऱ्याच्या) 'शेतजमिनीला टॅक्स नाही' या बोलण्यावर विसंबू नका. बेळगाव महापालिकेच्या हद्दीत किंवा हद्दीपासून सरळ रेषेत ६ किलोमीटरच्या आत शेतजमीन असेल, तर तिच्या विक्रीच्या नफ्यावर कर लागू शकतो. निपाणीसारख्या १ लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या गावाला हे अंतर २ किलोमीटर आहे. जाताना खरेदीखत आणि आरटीसी (जमिनीचा) उतारा दोन्ही न्या.

'रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के द्या' म्हणणाऱ्याच्या दारात उभंही राहू नका. तो खोटा विमा, खोटी देणगी दाखवतो, आणि पकडलं गेलं की चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंतचा दंड तुमच्या पॅनवर लागतो. कुणाकडेही काम दिलं तरी पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल तुमचाच ठेवा, कारण खात्याची नोटीस तिथेच येते. रिटर्न पाठवण्याआधी त्यातलं व्याज आणि वजावटी स्वतः वाचा, नंतर पोचपावतीबरोबर भरलेल्या पूर्ण फॉर्मची पीडीएफ मागून घ्या.