श्वासनलिकेतली गाठ: कोकणात नव्याने रुजू झालेल्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी

धाप, एकाच बाजूला शिट्टीसारखा आवाज आणि पंपाने फरक नाही. असा पेशंट आला की दम्याची औषधं वाढवत बसू नका, सीटी करा. श्वासनलिका 8 मिमीच्या आसपास अरुंद झाली की घाटी चढताना दम लागतो. 5 मिमीवर बसल्या जागी घरघर.

सीटीत पहिला प्रश्न: गाठ नळीच्या आत आहे, बाहेरून दाबतेय, की दोन्ही? दुसरा, जास्त महत्त्वाचा: अडथळ्यापलीकडची नळी मोकळी आहे का? पलीकडे काहीच उरलं नसेल तर वाट उघडून हवा जाणार कुठे? फुफ्फुस मिटून 4 ते 6 आठवडे उलटले की ते पुन्हा फुगण्याची आशा कमी होते. म्हणून 'पुढच्या महिन्यात बघू' हे इथे चालत नाही.

आतली गाठ रिजिड स्कोपच्या (न वाकणारी, सरळ नळीची दुर्बीण) तोंडानेच कोरून काढता येते, किंवा लेझर, कॉटरी (विजेचा चटका), आर्गॉन प्लाझ्माने (आर्गॉन वायूतून दिलेला विजेचा चटका) जाळता येते. जाळण्याआधी ऑक्सिजन 40 टक्क्यांखाली आणायचाच, नाहीतर नळीत पेट घेतो. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) घसरलं तर जाळायचा प्रोब बाहेर, मग ऑक्सिजन वाढवा. दोन्ही एकत्र नको. क्रायोत (गाठ गोठवून काढणं) आगीची भीती नाही, पण गाठ ओढून काढताना रक्त येतं. तेव्हा रक्त येतंय ती बाजू खाली करून पेशंटला कुशीवर वळवा, थंड सलाइन, आणि स्कोप मात्र जागचा हलवायचा नाही. रिजिडची नळीच गाठीवर दाबून धरली तरी बऱ्याचदा भागतं.

बाहेरून दाब असेल तर जाळून उपयोग शून्य, उलट भिंतीला भोक पडेल. तिथे स्टेंट, म्हणजे नळी उघडी धरणारी आतली छोटी नळी. सिलिकॉनचा स्टेंट रिजिडशिवाय बसत नाही, तो सरकतो, त्यात कफ सुकून चिकटतो. घरी सलाइनची वाफ रोज घ्यायचीच, हे नातेवाइकांना लिहून द्या.

आता पेशंटला मोठ्या रुग्णालयात पाठवण्याचं. 'दुर्बीण आहे' म्हणजे रिजिड आहेच असं नाही, फोनवर नेमकं विचारा. फिल्मचे फोटो नकोत, सीटीची सीडी द्या. झोपेचं इंजेक्शन देऊ नका, पेशंट बसूनच जाऊ दे. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन: मिनिटाला 10 लिटरने अडीच तास. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर गाठायलाही तो एक पुरेल याची खात्री नाही, मुंबईचं तर सोडाच. पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे का ते विचारा आणि सिलिंडर दुप्पट घ्या.