अंडाशय काढल्यानंतर, हार्मोनच्या गोळ्यांविना

वयानुसार पाळी जाते तेव्हा शरीराला जुळवून घ्यायला काही वर्षं मिळतात. दोन्ही अंडाशय ऑपरेशनमध्ये काढले की त्यांतून मिळणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन काही दिवसांतच तळाला जातं. त्यामुळे टाके सुकायच्या आधीच बाई रात्री घामाने निथळून उठते आणि घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल. तो अशक्तपणा नव्हे, आणि ‘होईल आपोआप’ म्हणून अंगावर काढण्यासारखाही नाही.

आधी एक खात्री करा. ही उणीव भरून काढणारे हार्मोन का नकोत, याचं कारण डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर प्रश्नच मिटला. पण वय पंचेचाळिशीच्या आत असेल, ऑपरेशन फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी) किंवा एंडोमेट्रिओसिसचं (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) असेल आणि नकार नुसत्या भीतीपोटी असेल, तर पुन्हा विचारा. या वयात दुसरी अडचण नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन देणंच सहसा योग्य मानतात. पुढचं सगळं, ज्यांना ते खरोखर चालत नाहीत त्यांच्यासाठी.

सगळ्यात जास्त छळतात त्या वाफा, म्हणजे अचानक अंगभर उसळणारी उष्णता आणि घाम. ठाण्या-नवी मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून त्या जास्तच जाणवतात. मे आणि ऑक्टोबर विशेष वाईट. सुती, सैल कपडे घाला. उशाशी ओला रुमाल ठेवा आणि पंख्याचा झोत थेट अंगावर घ्या, म्हणजे पाणी उडून गारवा लागतो. एसी असेल तर ड्राय मोडवर लावा. चादरीवर जाड टॉवेल अंथरा, रात्री तेवढाच बदलता येतो. लोकलमध्ये बॅगेत एक जादा कुर्ता असू द्या. मात्र या उपायांनी त्रास सुसह्य होतो, वाफांची संख्या घटत नाही.

संख्या घटवतात ती औषधं, आणि ती चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत. व्हेनलाफॅक्सिन सहसा ३७.५ मिलिग्रॅमपासून सुरू करून ७५ पर्यंत नेतात. ते जेवणानंतर घ्या. पहिला आठवडा मळमळतं, तिथेच बऱ्याच जणी सोडून देतात. फरक कळायला दोन-तीन आठवडे लागतात. बीपी तपासत राहा. बंद करायचं तर हळूहळू, एकदम नाही. वाफा रात्री जास्त असतील तर गाबापेंटिन ३०० मिलिग्रॅम झोपताना देतात. त्याने सकाळी गुंगी राहू शकते, म्हणून सुरुवातीला स्कूटर चालवू नका. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं टाळायची, कारण त्यांच्यामुळे टॅमॉक्सिफेन शरीरात नीट कामाला लागत नाही. शतावरी कल्प किंवा सोयाच्या अर्काच्या गोळ्यांचा वाफांवर भरवशाचा उपयोग दिसलेला नाही, आणि कॅन्सर हार्मोनवर वाढणारा असेल तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. जेवणातल्या सोयाबीनची मात्र भीती नको.

वाफा ओरडून सांगतात, हाडं गप्प राहून झिजतात. म्हणून ऑपरेशननंतर लवकरच कंबर आणि खुब्याची डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) करा. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलनेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ झाली असं समजतात. पुढची तपासणी शक्यतो त्याच मशीनवर, म्हणजे तुलना खरी होते. स्तनाच्या कॅन्सरसाठी लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल चालू असेल तर झीज आणखी वेगाने होते. हाडांच्या इंजेक्शनबद्दल विचारा, आणि ते घेण्याआधी दात दाखवून घ्या.

रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन नाचणीच्या भाकऱ्या म्हणजे साधारण ८० ग्रॅम पीठ, त्यातून २८० च्या आसपास. दूध-दही मिळून ४०० मिली, ४८० च्या आसपास. सालासकटचे तीळ १० ग्रॅम, सव्वाशेच्या आसपास. पॉलिश केलेल्या तिळात फारसं उरत नाही. बाकीचं गोळीने भरून काढा. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणानंतर, एका वेळी ५०० च्या वर नको. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा, लोहाची गोळीही वेगळ्या वेळी घ्या. काच लावून बंद केलेल्या गॅलरीत ऊन खाऊन ड जीवनसत्त्व मिळत नाही, त्याचे किरण काचेत अडतात. रक्तात कमी निघालं तर ६०,००० युनिटचं पाकीट सहसा आठवड्याला एक, आठ आठवडे देतात. तेच महिनोन् महिने चालू ठेवलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो.

टाके भरून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ठाण्याच्या तलावपाळीला किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कात रोज अर्धा तास भरभर चाला. पण नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस, टाचा उचलणं, हातात लिटरभराच्या बाटल्या घेऊन वर-खाली, प्रत्येकी दहा-दहा वेळा.

योनीचा कोरडेपणा, ज्याबद्दल कुणी बोलत नाही, तो वाफांसारखा ओसरत नाही, वाढतच जातो. जखम भरल्याचं तपासणीत नक्की झालं की योनीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा, संबंध असोत-नसोत, नियमाने लावा. संबंधांच्या वेळी वंगण जेल वेगळं. साबण, डेटॉल, सुगंधी वॉश बंद. लघवीला जळजळ वारंवार होत असेल तर तेही याचंच असू शकतं, म्हणून दर वेळी स्वतःहून अँटिबायोटिक घेऊ नका.

वर्षातून एकदा बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा. हृदयाचा धोकाही आता लवकर वाढतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, रडू आवरत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटू लागला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी फोन करा. आणि ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत ताप, लाल रक्तस्राव, एकाच पोटरीला सूज किंवा अचानक धाप, यांतलं काहीही झालं तर वाफा समजून बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.