स्वतः बांधलेली हलकी इलेक्ट्रिक सायकल प्रवासात सोबत कशी न्यावी

बहुतेक मार्गदर्शक लेख मोटरपासून सुरू होतात आणि वाहतुकीचा विषय शेवटच्या दोन ओळींत उरकतात. सायकल विमानातूनही न्यायची असेल तर हा क्रम उपयोगाचा नाही. आधी बॅटरी ठरवावी. मोटर आणि कंट्रोलर (मोटरला जाणारा प्रवाह नियंत्रित करणारा भाग) तिच्या मर्यादेत बसतील असे निवडावेत.

नऊ-दहा किलोची साधी सायकल आणि ३६ व्होल्ट, २५० वॉटची गिअरवाली हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसणारी) घ्यावी. अशी मोटर साधारण दोन ते अडीच किलोची असते आणि तिच्या आतल्या फ्रीव्हीलमुळे वीज बंद असतानाही सायकल जड चालत नाही. मोटर पुढच्या चाकात बसवणार असाल तर फोर्क (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा) पोलादी असावा आणि टॉर्क आर्म (आस जागच्या जागी फिरू नये म्हणून लावायची धातूची पट्टी) लावावाच. कार्बनच्या फोर्कमध्ये हब मोटर बसवू नये. कोणी कितीही खात्री दिली तरी नाही.

आता बॅटरी. माझा सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याने खाल्ला आणि सर्वांत वाईट सल्लेही याच टप्प्यावर मिळतात. विमानात प्रवाशाला १०० वॉट-तासांपर्यंतच्या (वॉट-तास म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप) सुट्या लिथियम बॅटऱ्या हातसामानात नेता येतात. १०० ते १६० वॉट-तासांच्या, विमान कंपनीच्या पूर्वसंमतीने, जास्तीत जास्त दोन. त्याहून मोठी बॅटरी प्रवासी म्हणून नेताच येत नाही. बाजारातल्या इलेक्ट्रिक सायकलींच्या बॅटऱ्या बहुधा ४०० वॉट-तासांच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या असतात, म्हणजे तिथेच विषय संपतो. यावरचा मार्ग म्हणजे छोटे पॅक. १८६५० आकाराचे, २.६ अँपिअर-तासांचे दहा सेल एकापुढे एक (सीरिजमध्ये) जोडले की ३६ व्होल्टचा ९३.६ वॉट-तासांचा पॅक होतो. असे तीन पॅक मिळून साधारण दोन किलो वजन आणि सुमारे २८० वॉट-तास मिळतात. पायडल मारत, किलोमीटरला सात-आठ वॉट-तास या हिशेबाने सपाट रस्त्यावर पस्तीसेक किलोमीटर निघतात.

हे पॅक घरी जोडू नयेत. घरी सेल जोडता येत नाहीत असे नाही, पण विमानात चालणारी बॅटरी संयुक्त राष्ट्रांच्या ३८.३ क्रमांकाच्या चाचण्या पार केलेल्या प्रकारची असावी लागते आणि तिच्यावर वॉट-तास छापलेले असावे लागतात. उष्णतेने आवळणाऱ्या निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला निनावी पॅक तपासणीच्या टेबलावर ठेवून अधिकाऱ्याला हिशेब समजावण्याची कल्पना सोडून द्यावी. छाप असलेले कारखान्यातले पॅक घ्यावेत आणि तेही चालतील की नाही, किती चालतील, हे तिकीट काढण्यापूर्वी विमान कंपनीकडून लेखी घ्यावे.

तीन पॅक समांतर जोडताना मात्र खरी काळजी लागते. पूर्ण भरलेला पॅक ४२ व्होल्टवर आणि अर्धा-पाऊण उतरलेला ३६ व्होल्टवर असेल, तर जोडता क्षणी सहा व्होल्टचा फरक दोन्ही पॅकच्या मिळून एक ओहमहून कमी असलेल्या अंतर्गत रोधावर पडतो आणि उतरलेल्या पॅकमध्ये सहा-सात अँपिअर घुसतात. त्या सेलची चार्जिंगची मर्यादा बहुधा याच्या निम्म्याहूनही कमी असते. ‘थोडा फरक चालतो’ असे सांगणाऱ्याला मल्टिमीटर दाखवायला सांगावे. पॅक पूर्ण चार्ज करून, अर्धा तास तसेच ठेवून, फरक ०.२ व्होल्टच्या आत असेल तरच जोडावेत. याहून चांगला उपाय म्हणजे प्रत्येक पॅकच्या धन तारेत एक आयडियल डायोड बोर्ड, जेणेकरून एका पॅकमधून दुसऱ्यात प्रवाह जाणारच नाही. साधा शॉट्की डायोड चार अँपिअरला दोनेक वॉट उष्णता काढतो, म्हणून तो मला पसंत नाही. डायोडमुळे ब्रेकमधून वीज परत घेता येत नाही, पण गिअरवाल्या हब मोटरमध्ये ती सोय तशीही नसते.

कंट्रोलरची मर्यादा १२ अँपिअरवर ठेवावी, म्हणजे प्रत्येक पॅकवर चारच येतात. एखादा पॅक मध्येच बंद पडला तर उरलेल्या दोघांवर सहा-सहा येतील, तेव्हा सेल आणि बीएमएस (पॅकमधले संरक्षक सर्किट) दोन्ही तेवढे सोसणारे हवेत.

बांधाबांध सोपी आहे. हँडल वळवावे, पायडल काढावीत, डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा सरकवावा. मोटरचे चाक मात्र फ्रेमपासून वेगळे, जाड पुठ्ठ्यात ठेवावे: मोटरची केबल आसाच्या टोकातून बाहेर येते, आणि खोका त्या बाजूवर आपटला की आटे आणि केबल एकदमच जातात. केबलच्या बाजूला आसाहून लांब पाइपचा तुकडा चढवून केबल त्याच्या खाचेतून बाहेर काढावी आणि तो चिकटपट्टीने पक्का करावा. पॅक हातसामानात, प्रत्येकाचे कनेक्टर झाकून. गाडीमागच्या रॅकवर सायकल नेताना पॅक गाडीच्या आत ठेवावेत आणि रॅकची वजनमर्यादा आधी वाचावी.

मुक्कामी जोडणी झाल्यावर टॉर्क आर्म आणि आसाचे नट पाच किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत.