नेट परत आलं तरी ॲपची रिक्वेस्ट अडकूनच बसते? हे करून बघा
अँड्रॉइडवर लिफ्टमधून बाहेर आलो, नेट आलं, तरी लोडर फिरतोच ना, तर बरेचदा दोष सर्व्हरचा नसतो, ओकेएचटीटीपी (ॲपच्या नेट रिक्वेस्ट पाठवणारी लायब्ररी) पूलमधलं, म्हणजे पुन्हा वापरायला राखून ठेवलेल्यांपैकी, जुनं मेलेलं कनेक्शनच वापरत असतं, रिकामं (त्या क्षणी वापरात नसलेलं) कनेक्शन ते 5 मिनिटं सांभाळून ठेवतं. ॲप फोर्स स्टॉप करून उघडल्यावर लगेच चाललं तर बहुतेक हाच घोळ. मग ॲपच्या कोडमध्ये पिंगइंटरव्हल (कनेक्शन जिवंत आहे का हे दर किती वेळाने तपासायचं ते) 10-15 सेकंद ठेवा, डिफॉल्टला तो बंद असतो (एचटीटीपी/2 आणि वेबसॉकेट या प्रकारच्या कनेक्शनांनाच लागू होतो हं). नेटवर्क गेल्याच्या कॉलबॅकमध्ये (नेट गेल्यावर आपोआप चालणारा कोड) इव्हिक्टऑल हे पूल साफ करणारं फंक्शन मारा, पण ते फक्त रिकामी कनेक्शनं काढतं, म्हणून अडकलेले कॉल आधी कॅन्सल करा. कॉलटाइमआउटपण (एका रिक्वेस्टला एकूण किती वेळ द्यायचा ती मर्यादा) लावा, डिफॉल्ट शून्य म्हणजे मर्यादाच नाही. पेमेंटची रिक्वेस्ट मात्र आंधळेपणाने रिट्राय करू नका प्लीज, लोकांचे पैसे दोनदा कापले जातात.